जमिनीला मुदत नाही, पुस्तकाला का?

सातबारावरची जमीन बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे जात राहते. पुस्तक छापण्याचा हक्क, म्हणजे कॉपीराइट, मात्र भारतात लेखक गेल्यावर 60 वर्षांनी संपतो. हा दुजाभाव का, त्याचं मूळ अठराव्या शतकातल्या लंडनच्या पुस्तकबाजारात आहे.

1710 मध्ये इंग्लंडमध्ये कायदा आला: नव्या पुस्तकाचा हक्क 14 वर्षं, तोवर लेखक हयात असला तर आणखी 14. आधीच छापलेल्या पुस्तकांना 21. लंडनच्या बड्या प्रकाशकांनी या मुदतीला फारशी भीक घातली नाही. मेहनतीने निर्माण झालेली वस्तू कायमची आपली, असं म्हणत ते हक्कांचे हिस्से लिलावात घेत-विकत राहिले.

जेम्स थॉम्सन या कवीच्या ऋतूंवरच्या काव्याचे हक्क लंडनचा प्रकाशक अँड्र्यू मिलर याच्याकडे होते. टेलर नावाच्या मुद्रकाने ते छापलं आणि मिलर कोर्टात गेला. 1769 मध्ये तीन न्यायाधीशांनी कायमचा हक्क मान्य केला. एकटे न्यायमूर्ती येट्स विरोधात होते आणि मला तेच पटतात. ज्याला हद्द नाही, ज्याचा ताबा घेता येत नाही, त्याची मालकी कशी सांगणार? शिवाय माझी जमीन तुम्ही बळकावली तर माझ्याकडे काही उरत नाही. माझी कविता तुम्ही उतरवून घेतली तरी ती माझ्याकडे असतेच.

निकालाआधीच मिलर वारला होता. ते हक्क लिलावात थॉमस बेकेट आणि भागीदारांनी 505 पौंडांना घेतले. इकडे एडिंबरोचा अलेक्झांडर डोनाल्डसन थॉम्सनच्या काव्यासह मुदत संपलेली पुस्तकं स्वस्तात छापून, लंडनमध्येच दुकान थाटून विकत होता. बेकेटने कोर्टातून त्याच्यावर मनाई आणली; डोनाल्डसन हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत, गेला आणि फेब्रुवारी 1774 मध्ये जिंकला. छापलेल्या पुस्तकावर कायद्याची मुदत संपली की हक्कही संपला.

मुदत किती, हे मात्र राज्यकर्ते ठरवतात. भारताच्या 1957 च्या कायद्यात ती मृत्यूनंतर 50 वर्षं होती. रवींद्रनाथ टागोर गेले 1941 मध्ये. 1991 अखेर त्यांनीच स्थापलेल्या विश्वभारती विद्यापीठाकडचे त्यांचे हक्क संपणार, तोच डिसेंबरात वटहुकूम निघाला आणि सगळ्याच लेखकांची मुदत 60 झाली. त्याचा परिणाम मराठीतही झाला: 1950 मध्ये गेलेल्या साने गुरुजींचं साहित्य 2001 ऐवजी 1 जानेवारी 2011 पासून कुणालाही छापता येऊ लागलं.