हायस्कूलच्या पोरांचा रंगमंच (बेळगाव सीमाभाग)

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या हायस्कूलच्या पोरापोरींना नाच, गाणं, वादन, नाटक करायला जिथं जिथं संधी मिळते त्या सगळ्याची ही नोंद. यात सरकारी स्पर्धा आल्या, शाळेचं गॅदरिंग आलं, आणि गल्लीचं मंडळ, गावचं भजन हेही आलं, कारण इथली पोरं शिकतात बरंचसं शाळेबाहेर आणि शाळा त्यांना स्टेज देते.

कर्नाटकात हायस्कूल म्हणजे आठवी ते दहावी, तीनच वर्षं. त्यात दहावीला एसएसएलसी बोर्ड, त्यामुळे नववी संपली की घरातून ऐकायला मिळतंच की आता नाचगाणं बास, म्हणजे हातात खरी दोनच वर्षं राहतात, आणि नाटकाचा ग्रुप जमून पोरं स्टेजवर जरा मोकळी व्हायला लागतात तोवर निम्मी पोरं दहावीत गेलेली असतात. सातवीपर्यंतची प्रायमरी बहुतेक ठिकाणी वेगळी शाळा असते, तिथं कोण चांगलं गात होतं हे हायस्कूलच्या सरांना माहीत असायचं काही कारण नाही, सगळं पहिल्यापासून शोधायचं.

सरकारी बाजूनं सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे प्रतिभा कारंजी. कर्नाटकच्या शिक्षण खात्याची ही स्पर्धा क्लस्टर (आसपासच्या शाळांचा गट), तालुका, जिल्हा आणि मग राज्य अशी चढत जाते. शिक्षण खात्याच्या हिशोबात बेळगाव आणि चिकोडी हे दोन वेगळे जिल्हे, त्यामुळे निपाणीचं पोरगं जिल्हा लेव्हलला चिकोडीत खेळतं, बेळगावात नाही. कंठपाठ (पाठ केलेलं म्हणून दाखवणं), भावगीत, देशभक्तिगीत, लोकगीत, लोकनृत्य, वेशभूषा, मिमिक्री, कव्वाली, गझल असे बरेच प्रकार आहेत. कंठपाठ वेगवेगळ्या भाषांत होतो आणि त्यात मराठीही आहे, त्यामुळे मराठी मीडियमच्या पोरांना तिथं आपल्या भाषेत उभं राहता येतं. बाकी प्रकारांत सर लोक अंदाज घेऊन कधी मराठी तर कधी कन्नड गाणं बसवतात. मला विचाराल तर कन्नड गाणं बसवणारी शाळा काही गमावत नाही, पोरं रोज नाडगीत म्हणजे कर्नाटकचं राज्यगीत म्हणतातच, उच्चार बसलेले असतात. लोकनृत्यात लेझीम, कोळीनाच, धनगरी ढोल हे ठरलेलं, आणि लेझीम बहुतेक ठिकाणी पीटी सरच बसवतात कारण नाचासाठी वेगळा शिक्षक फार थोड्या शाळांत असतो.

केंद्राचा कला उत्सव 2015 पासून आहे, नववी ते बारावीसाठी. तिथं सगळा भर शास्त्रीय आणि पारंपरिक लोकशैलीवर, म्हणून ज्याचा वर्षभर क्लास चालू आहे तोच पुढं जातो, ऐनवेळी ट्रॅक लावून नाचणाऱ्याचं तिथं काही चालत नाही.

क्लासचं म्हणाल तर हा भाग श्रीमंत आहे. कुमार गंधर्वांचा जन्म 1924 चा, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. शहरातलं सरकारी रंगमंदिरही त्यांच्याच नावाचं. पंडित रामभाऊ विजापुरे यांनी इथंच राहून पिढ्यानपिढ्या पेटी शिकवली. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा, म्हणजे प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा असं करत विशारदपर्यंत, इथली बरीच पोरं देतात, आणि हायस्कूल संपेपर्यंत प्रवेशिका पूर्ण झाली तर चांगलंच चाललंय म्हणायचं. फक्त एक ध्यानात ठेवायला हवं, या परीक्षांचे वाढीव मार्क महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीला मिळतात, तो नियम इकडच्या एसएसएलसीला लागत नाही. पलीकडं चंदगड नाहीतर कोल्हापूरच्या पाहुण्यांचं ऐकून क्लास लावणाऱ्यांचा इथंच घोळ होतो.

नाटकाची गोष्ट वेगळी आणि थोडी वाईट वाटणारी. अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म 1843 साली याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा, संगीत नाटकाचा पाया घालणारा माणूस इथला, 2015 चं मराठी नाट्य संमेलन बेळगावात भरलं, आणि तरी आज डिसेंबर-जानेवारीतल्या गॅदरिंगमध्ये बघा, बारा-पंधरा डान्स आणि मधे कुठंतरी दहा मिनिटांची नाटिका. सरांचाही दोष नाही. डान्सला एक ट्रॅक, भाड्याचे ड्रेस आणि आठ दिवस पुरतात, नाटकाला पाठांतर, नेपथ्य, रंगीत तालीम आणि संध्याकाळी पोरांना थांबवून घेणं लागतं, आणि खानापूरच्या पश्चिमेकडच्या गावांतल्या पोरांची शेवटची बस तोवर गेलेली असते. तरी शहरात शालेय गटाच्या एकांकिका स्पर्धा होतात आणि ज्या शाळेत एखादे नाटकवेडे सर किंवा मॅडम आहेत तिथं नाटक टिकून आहे, त्यांची बदली झाली किंवा ते रिटायर झाले की संपलं.

शाळेबाहेर बघितलं तर मात्र अभिनयाची खरी शाळा शिवजयंती आहे. बेळगावात ती वैशाखात साजरी होते आणि मग रात्रभर चित्ररथांची मिरवणूक चालते, त्यातले सजीव देखावे गल्लीतली पोरंच करतात. अफजलखानाचा वध, आग्र्याहून सुटका, मावळे, सगळं हायस्कूल-कॉलेजचं वय. मागं रेकॉर्ड केलेले संवाद वाजत असतात, त्यांच्या तालावर ओठ आणि अंग हलवायचं, आणि ट्रॅक्टर पुढच्या चौकात थांबला की परत पहिल्यापासून. एवढ्या गर्दीसमोर न घाबरता उभं राहणं दुसऱ्या कुठल्याही स्टेजवर शिकायला मिळत नाही. गणपतीत ढोल-ताशा आणि झांज पथकं असतात, त्यात आता मुलीही भरपूर.

खेड्यांत भजन आणि पारायण सप्ताह. टाळ, मृदंग, पेटी पोरगं घरच्यांच्या मागं बसूनच शिकतं. कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी, कुद्रेमानी, सांबरा इथं मराठी साहित्य संमेलनं भरतात, त्यांच्या ग्रंथदिंडीत शाळेचं लेझीम पथक पुढं असतं. तिकडं चिकोडी-गोकाकच्या बाजूला कन्नड लोकांचं श्रीकृष्ण पारिजात हे लोकनाट्य आणि करडी मजलु हे लोकवाद्यांचं वादन आहे, आणि मराठी शाळांनी ते अजून फारसं उचललेलं नाही, जे खरं तर अगदी शेजारचं आहे.

दहावी झाली की पीयूसी म्हणजे अकरावी-बारावी, तिथं मराठी माध्यम संपतं, आणि सायन्सला गेलेलं पोर दोन वर्षं स्टेजकडं बघतही नाही. पुढं डिग्रीला राणी चन्नम्मा विद्यापीठाचा युवा महोत्सव मिळतो. मधल्या वर्षांत पेटी-तबल्यावाली पोरं घरी रियाज करून तग धरतात, नाटकवाल्यांना गल्लीच्या चित्ररथावर तेवढं उभं राहता येतं.