शाळा सुरक्षा आराखडा

शाळा भरलेली असताना आग लागली, भूकंप झाला, ओढ्याला पाणी चढले, छत कोसळले, खिचडीतून विषबाधा झाली किंवा वर्गात साप निघाला, तर कोणी काय करायचे हे आधी ठरवून, लिहून आणि मुलांकडून प्रत्यक्ष करवून घेण्याच्या व्यवस्थेला शाळा सुरक्षा आराखडा म्हणतात. सरकारी कागदांत तो ‘शालेय आपत्ती व्यवस्थापन आराखडा’ या नावाने येतो. त्यातल्या सरावाला मराठीत ‘रंगीत तालीम’ असा छान शब्द आहे. शिक्षकांच्या बोलण्यात मात्र ‘मॉक ड्रिल’च. घरी संकट आले तर एकेका मुलामागे कोणीतरी मोठे माणूस असते. शाळेत तीस-चाळीस मुलांमागे एक बाई किंवा एक गुरुजी असतात. म्हणून घरी जे ऐनवेळी सुचले तरी भागते, ते शाळेत आधी ठरलेले असावे लागते.

भारतात या विषयाला गती आली ती मुलांचे जीव गेल्यावर. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील मंडी डबवाली येथे एका शाळेच्या वार्षिक समारंभात मंडप पेटला आणि चारशेहून अधिक माणसे गेली. त्यांत निम्म्याहून जास्त मुले होती. २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा अंजार गावात प्रजासत्ताकदिनाची प्रभातफेरी अरुंद गल्लीतून चालली होती. दोन्ही बाजूंची घरे मुलांवर कोसळली. तिथे १८५ विद्यार्थी आणि २० शिक्षक दगावले. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे माध्यान्ह भोजन शिजत असलेल्या स्वयंपाकघराचे गवती छप्पर पेटले. आग वरच्या मजल्यावरच्या, तशाच छपराच्या वर्गांपर्यंत गेली. खाली यायला अरुंद जिना. ९४ मुले भाजून मेली.

कुंभकोणमनंतर दाखल झालेल्या अविनाश मेहरोत्रा विरुद्ध भारत सरकार या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी निकाल दिला. शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क येतो, हे त्यात स्पष्ट झाले. इमारत राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे असावी, अग्निशामक साधने असावीत आणि ती वापरायचे प्रशिक्षण शिक्षकांना मिळावे, असे आदेशही निघाले. २०११ मध्ये राष्ट्रीय शाळा सुरक्षा कार्यक्रम ४३ जिल्ह्यांतल्या ८,६०० शाळांसाठी सुरू झाला. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ खाली स्थापन झालेल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये शाळा सुरक्षा धोरणाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्रत्येक शाळा व्यवस्थापन समितीला शाळा विकास आराखडा करावाच लागतो. सुरक्षेचे काम त्यातच धरले, तर त्याला निधी मागण्याचा रस्ता मिळतो. वेगळ्या फायलीत ठेवले, तर ते तिथेच राहते.

महाराष्ट्राच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे झाला. किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ रोजी, तोही पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी. दोन्ही वेळी शाळांना कुलूप होते. त्यामुळे आपल्या आठवणीतल्या भूकंपात घरे पडतात, वर्ग पडत नाहीत. ८ ऑक्टोबर २००५ चा काश्मीरचा भूकंप सकाळी ८ वाजून ५० मिनिटांनी झाला, १२ मे २००८ चा चीनमधील सिचुआनचा दुपारी २ वाजून २८ मिनिटांनी. दोन्हीकडे हजारोंनी शाळकरी मुले वर्गात बसल्या जागी गाडली गेली. आपल्याकडे घड्याळाने मुलांना वाचवले, एवढाच याचा अर्थ. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून लहान-लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हा तिथल्या गुरुजींना हा प्रश्न रोजचा होऊन बसला.

आराखडा असणे आणि तो त्या शाळेचा असणे, यांतले अंतर जपानच्या दोन उदाहरणांतून जितके दिसते तितके दुसरीकडे क्वचितच दिसेल. ११ मार्च २०११ रोजी दुपारी मोठा भूकंप झाला. इशिनोमाकी शहरातील ओकावा प्राथमिक शाळेत मुले शिस्तीत मैदानावर आली, हजेरी झाली, आणि पुढे कुठे जायचे यावर मोठ्या माणसांचा खल सुरू राहिला. शाळेच्या पुस्तिकेत त्सुनामीच्या वेळी जायची जागा म्हणून जवळची मोकळी जागा, उद्यान वगैरे असे मोघम लिहिलेले होते. तशी जागा आसपास नव्हती. शाळेमागे टेकडी होती. सुमारे पन्नास मिनिटांनी लाट आली; ७४ मुले आणि १० शिक्षक गेले. पालक न्यायालयात गेले. पुस्तिका परिसराला धरून दुरुस्त न करणे हीच शाळेची व शिक्षण मंडळाची चूक होती, असा उच्च न्यायालयाने दिलेला निकाल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात कायम झाला. त्याच दिवशी, त्याच किनाऱ्यावर कामाइशी शहरातली माध्यमिक शाळेची मुले हादरे थांबताच डोंगराकडे धावली. त्यांना पाहून शेजारच्या प्राथमिक शाळेची मुलेही निघाली. ठरलेली पहिली जागा पुरेशी उंच वाटेना, म्हणून ती आणखी वर गेली. शहरातल्या जवळपास तीन हजार शाळकरी मुलांपैकी बहुतेक सगळी वाचली. मुलांनी आपल्या गावच्या वाटा कित्येक वेळा पायांखाली घातल्या होत्या, हे त्याचे कारण.

आपल्याकडे बहुतेक आराखडे एका छापील नमुन्यावरून भरले जातात. त्या नमुन्यात शोध व बचाव गट, प्रथमोपचार गट, अग्निशमन गट, सूचना गट असे चार-पाच गट असतात आणि प्रत्येकाला एक प्रमुख लागतो. द्विशिक्षकी शाळेत दोन शिक्षक असतात, त्यांतले एक बहुधा केंद्रावरच्या बैठकीला किंवा प्रशिक्षणाला गेलेले. अशा शाळेचा खरा आराखडा अर्ध्या पानाचा असतो आणि त्यात शाळेबाहेरच्या माणसांची नावे असतात: स्वयंपाकीण ताई, समोरचा पिठाची गिरणीवाला, अंगणवाडी सेविका, ट्रॅक्टर असलेला शेतकरी. यांना आधी सांगून, त्यांचे फोन नंबर दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहून ठेवणे हे चार गट कागदावर भरण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचे. खाली ११२ आणि १०८ हे क्रमांक, आणि सर्पदंशावरचे औषध जवळ कोणत्या दवाखान्यात ठेवलेले असते, तेही.

नमुन्यातला दुसरा ठरलेला उपदेश म्हणजे भूकंपात बाकाखाली शिरा. जिल्हा परिषदेच्या कित्येक वर्गांत पहिली-दुसरीची मुले बस्करावर बसतात, बाक नसतोच. तिथे शिकवायचे ते वेगळे: खिडकी आणि कपाटापासून लांब, आतल्या भिंतीशी गुडघे टेकून बसायचे आणि दप्तर डोक्यावर धरायचे. हादरे थांबेपर्यंत पळायचे नाही. लोखंडी कपाट भिंतीला पट्टीने ठोकून घ्यायला दोन खिळे आणि अर्धा तास लागतो. ते कपाट मुलांच्या पाठीमागे उभे असते, म्हणून हे आधी करावे.

रंगीत तालीम नीट पाहिली की आराखड्यातली भोके दिसतात. समजा, घंटा वाजली. शाळा सुटल्याची आणि धोक्याची घंटा एकच असेल, तर मुले आधी दप्तर भरतात. विजेची घंटा असेल, तर वीज गेल्यावर ती मुकी होते. लोखंडी टोल असावा. वर्ग रांगेने बाहेर येतात आणि जिन्यावर पाचवी व सातवी एकमेकांत घुसतात, कारण कोणी आधी उतरायचे ते ठरलेले नाही. मागचे फाटक कुलपात आहे आणि किल्ली शिपाईमामांच्या खिशात, मामा बँकेत गेलेले. मैदानावर बाई मुले मोजतात. पट बत्तीस, आज हजर एकोणतीस, समोर अठ्ठावीस. एक मूल स्वच्छतागृहात आहे. हजेरीपत्रक वर्गातच राहिले असते, तर ते एक मूल कमी आहे हे कोणाला कळलेच नसते. म्हणून हजेरीपत्रक बाईंच्या हातात बाहेर यायलाच हवे. कुबड्या वापरणाऱ्या किंवा कमी ऐकू येणाऱ्या मुलासोबत कोण, हे नावानिशी ठरलेले हवे. तालीम एकदा मधल्या सुट्टीत घ्यावी, जेव्हा कोणीच आपल्या वर्गात नसते. संकट तासाची वेळ पाहून येत नाही.

यानंतरचा भाग आराखड्यात बहुधा नसतोच: मूल कोणाच्या हाती द्यायचे. अफवा पसरली की दहा मिनिटांत पालक फाटकाशी गोळा होतात आणि जो तो आपले मूल ओढून नेतो. मग उरलेली मोजता येत नाहीत. प्रत्येक मुलासाठी घरच्या दोन-तीन माणसांची नावे आधी घेऊन, नेताना सही घेण्याची पद्धत हवी.

महाराष्ट्रातल्या शाळांत मुलांच्या जिवावर बेतणारी सगळ्यात साधी गोष्ट म्हणजे जुनी इमारत. ऑगस्ट २०१७ मध्ये अहमदनगरजवळच्या (आताचे अहिल्यानगर) निंबोडी येथे पावसात शाळेची खोली कोसळून तीन विद्यार्थी दगावले. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात पिपलोदी येथे छत कोसळले आणि सात मुले गेली. वरून खडे पडताहेत असे मुलांनी आधी सांगितले होते, हे नंतर बातम्यांतून पुढे आले. मुलांचे हे सांगणे नोंदवून घेणे हाही आराखड्याचाच भाग आहे. धोकादायक खोली पाडायची तर तिचे ‘निर्लेखन’ मंजूर व्हावे लागते, म्हणजे ती शासकीय मालमत्तेच्या यादीतून कमी व्हावी लागते. प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून बांधकाम विभागाकडे आणि तिथून पुढे जातो, त्यात पावसाळे उलटतात. तोवर त्या खोलीला कुलूप लावून, भोवती काटेरी फांद्या टाकून ती वापराबाहेर ठेवायची एवढेच मुख्याध्यापकांच्या हाती असते. वर्ग मग ओसरीवर किंवा समाजमंदिरात भरतो. तो तिथे भरलेलाच बरा.

१६ जुलै २०१३ रोजी, कुंभकोणमला बरोबर नऊ वर्षे झाली त्या दिवशी, बिहारमधील गंडामन येथे कीटकनाशक मिसळलेल्या तेलात शिजलेले जेवण खाऊन २३ मुले मेली. आहार मुलांच्या ताटात पडण्याआधी मोठ्या माणसाने तो चाखायचा, हा नियम किती मोलाचा आहे ते इथे कळते. चव नोंदवहीत सही करण्याआधी घास खरोखर खाल्लेला असला पाहिजे. विजेबाबत पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप जवळपास वीज पडण्याची शक्यता दाखवते. आभाळ भरून आले असताना शाळा सोडायची की अर्धा तास थांबवायची, हे त्यावरून ठरवता येते. शालेय बससाठी राज्यात २०११ चे स्वतंत्र नियम आहेत. मुलांवरील लैंगिक अत्याचार हाही सुरक्षेचाच विषय आहे. पोक्सो कायदा २०१२ नुसार अशी घटना कळूनही न कळवणे हा गुन्हा ठरतो. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याची घटना उघड झाल्यावर राज्य शासनाने शाळांत सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी आणि मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती यांबाबत पुन्हा कडक सूचना दिल्या.

संकट शाळेबाहेर असते तेव्हा शाळाच गावाचा निवारा होते. २०१९ च्या पुरात सांगली-कोल्हापूर भागात पूरग्रस्तांना शाळांमध्ये ठेवले होते. अशा वेळी जनरल रजिस्टर (सगळ्या मुलांच्या प्रवेशाची कायम नोंदवही) आणि दाखल्यांचे कागद कोणत्या उंच जागी हलवायचे, हे पावसाळ्याआधी ठरवून ठेवतात. पाणी उतरल्यावर खोल्यांत गाळ बसलेला असतो, कोपऱ्यात साप-विंचू असतात, भिंतीतल्या वायरी ओल्या असतात. आधी मुख्य स्विच बंद ठेवून वायरमनकडून तपासणी, मग बाक बाहेर काढून गाळ उपसणे, पाण्याची टाकी धुऊन त्यात मेडिक्लोर (पाणी शुद्ध करायचे क्लोरीनचे द्रावण) टाकणे, आणि भिंतीला नव्या भेगा पडल्या आहेत का ते पाहणे, असा क्रम असतो. त्यानंतर मुलांना बोलावतात.