तळमजल्याचं वाय-फाय माडीवर नेताना

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या नव्या कॉलन्यांमधली घरं साधारण एकाच बेताची असतात. खाली हॉल आणि स्वयंपाकघर, वर दोन बेडरूम, त्यावर गच्ची. फायबरची वायर रस्त्याच्या बाजूने येते, म्हणून राउटर हॉलमध्ये टीव्हीमागे बसतो. खाली वेग पुरेपूर, वर मात्र व्हिडिओ नुसता गोल फिरत राहतो. मग बरेच जण १०० एमबीपीएसचा प्लॅन ३००चा करून घेतात. वरच्या खोलीत त्याने काडीचाही फरक पडत नाही, कारण अडचण बाहेरून येणाऱ्या इंटरनेटची नाही, मधल्या स्लॅबची आहे. आमचं मत स्पष्ट आहे: स्लॅबमधून लहरी रेटत बसू नये. एक वायर वर न्यावी आणि बिनतारी काम त्या त्या मजल्यापुरतंच ठेवावं.

घरातला स्लॅब सहसा पाचेक इंच जाड असतो. वाय-फाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर (बँडवर) चालतं. स्लॅबमधून जाताना २.४ गिगाहर्ट्झच्या सिग्नलची १० ते २० डेसिबल घट होते, ५ गिगाहर्ट्झची त्याहूनही जास्त. डेसिबलचा हिशोब गुणाकाराचा आहे: ३ डेसिबल घटले की ताकद निम्मी, १० घटले की दहावा हिस्सा, २० घटले की शंभरावा. बीमखाली तर आणखी वाईट, कारण तिथे सळया आणि रिंगा दाट असतात. नुकतंच बांधलेलं घर असेल तर काँक्रीटमध्ये ओल असते आणि पाणी या लहरी शोषून घेतं.

गावातल्या धाब्याच्या घरांचं गणित वेगळं. तिथे छताला लाकडी तुळया, फळ्या आणि वर मातीचा जाड थर. लोखंड नाही, माती कोरडी, त्यामुळे उन्हाळ्यात माडीवर २.४ गिगाहर्ट्झ बऱ्यापैकी पोचतं. पावसाळ्यात माती भिजली की तेच सिग्नल बसतं आणि दोष राउटरला जातो. या घरांत खरा अडसर दीड-दोन फुटी दगडी भिंतींचा, म्हणजे वर जाण्यापेक्षा शेजारच्या खोलीत जाणंच अवघड.

काही विकत घेण्याआधी मोजून पाहा. अँड्रॉइड मोबाइलवर वाय-फायची ताकद दाखवणारी मोफत अ‍ॅप मिळतात. आकडा उणे असतो. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ७५ ला अडखळतो, उणे ८० च्या पुढे जोडणी तुटत राहते. प्रत्येक खोलीत दार लावून, मोबाइल हातात धरून आकडा लिहून घ्या. लोखंडी कपाटामागे आणि आरशाच्या आड तो किती कोसळतो तेही दिसेल.

इथे सहा अँटेनांच्या राउटरचा मोह होतो. पण संवाद दोन्ही बाजूंनी चालतो. राउटर जोरात बोलला तरी मोबाइलचा ट्रान्समीटर लहान असतो आणि त्याचं उत्तर त्याच स्लॅबमधून खाली यावं लागतं. म्हणून वर काड्या भरलेल्या दिसतात आणि पान मात्र उघडत नाही.

अँटेना वळवून पाहणं फुकट आहे, ते आधी करावं. उभ्या काठीच्या अँटेनातून लहर सायकलच्या ट्यूबच्या आकारात भोवती पसरते. बाजूला भरपूर जाते, टोकाच्या दिशेने, म्हणजे थेट वर, फार कमी. दोन अँटेना असतील तर एक उभी ठेवा आणि दुसरी आडवी करा. राउटर टीव्हीमागून काढून जिन्याच्या तोंडाशी, डोक्याच्या उंचीवर लावा. जिना घराच्या आत असेल तर स्लॅबला पडलेलं सर्वांत मोठं भोक तेच, आणि लहरी तिथूनच वर वळतात. एवढ्याने वरचा आकडा उणे ६७ च्या आत आला तर पुढचा खर्चच नको.

नाही आला तर वायर. कॅट-६ केबल मागा आणि ती शुद्ध तांब्याची आहे हे तपासून घ्या. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल स्वस्तात मिळते. तार चाकूने खरवडली की आत पांढरी दिसते आणि दोन-चार वेळा वाकवली की तुटते. ती घेऊ नका. लांबीचा अंदाज असा: राउटरपासून जिन्यापर्यंत ५ मीटर, मजल्याची उंची साडेतीन, वरच्या खोलीत ६, वळणं आणि टोकांसाठी अडीच. झाले १७, घ्या २०. मर्यादा १०० मीटरची आहे, घरात तिची काळजी नाही. विजेच्या वायरींच्या पाइपातून ही केबल ओढू नका. वेगळी केसिंग पट्टी मारा किंवा वेगळा पाइप टाका. जिना बाहेरून असेल तर काळ्या आवरणाची, उन्हात टिकणारी केबल घ्या आणि पीव्हीसी पाइपातून न्या. घरात वापरायच्या केबलचं आवरण खान्देशच्या उन्हात कडक होऊन तडकतं, आणि उंदरांचं भय असतंच.

टोकाला प्लग बसवताना तारांचा क्रम दोन्हीकडे एकच हवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जोड्यांचा पीळ सव्वा सेंटीमीटरपेक्षा जास्त उलगडू नका आणि बाहेरचं आवरण प्लगच्या आत दाबलं गेलंय ना ते बघा, नाहीतर पहिल्याच ओढीला तारा निसटतात. एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. ३०० चा प्लॅन असून वर वेग ९४-९५ वरच अडकत असेल, तर बहुधा आठपैकी एखादी तार बसलेली नाही किंवा उपकरणाचा पोर्टच १०० चा आहे. १०० एमबीपीएसला १, २, ३ आणि ६ या चारच तारा पुरतात, गिगाबिटला (१००० एमबीपीएस) आठही लागतात. त्यामुळे इंटरनेट बंद पडत नाही, नुसतं मंदावतं आणि दोष महिनोन्‌महिने लपून राहतो. केबल टेस्टरवर १ ते ८ दिवे ओळीने लागले पाहिजेत.

वर अ‍ॅक्सेस पॉइंट (वायरीतून आलेलं नेट वाय-फायने पसरवणारी पेटी) लावा किंवा घरातला जुना राउटर वापरा. जुन्यात अ‍ॅक्सेस पॉइंट मोड असेल तर तोच निवडा. नसेल तर तीन गोष्टी हाताने कराव्या लागतात. खालच्याचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर वरच्याला १९२.१६८.१.२ द्या. वरच्याचं डीएचसीपी, म्हणजे जोडलेल्या उपकरणांना पत्ते वाटण्याचं काम, बंद करा. केबल त्याच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरचं नेट घेण्याची जागा) नव्हे, लॅन पोर्टमध्ये (घरातली उपकरणं जोडण्याची जागा) लावा. डीएचसीपी चालू राहिलं तर दोन्ही उपकरणं पत्ते वाटू लागतात, आणि चुकीचा पत्ता मिळालेला मोबाइल जोडलेला दिसतो, पण त्याला नेट मिळत नाही. वॅन पोर्टला लावलं तर नेट चालतं, पण खालचा प्रिंटर किंवा कॅमेऱ्याचा डीव्हीआर वरून सापडत नाही.

दोन्हीकडे नाव आणि पासवर्ड तोच ठेवा, चॅनल मात्र वेगळे: २.४ गिगाहर्ट्झवर १, ६, ११ यांपैकी खाली एक, वर दुसरा, रुंदी २० मेगाहर्ट्झ. कुठे जोडायचं हे मोबाइल ठरवतो आणि तो जुन्या सिग्नलला चिकटून राहतो. जिना चढूनही खालचं सोडत नसेल तर खालच्या राउटरची २.४ ची ताकद मध्यम करा. कमी ताकदीने काम सुधारतं हे पटायला वेळ लागतो, पण ते खरं आहे.

वायर नेणं शक्यच नसेल तर रिपीटर (सिग्नल पकडून पुढे पाठवणारं उपकरण) किंवा मेश (एकमेकांशी बिनतारी जोडलेल्या उपकरणांचं जाळं). रिपीटर सिग्नल नसलेल्या खोलीत लावणं ही सर्रास होणारी चूक. जिथे अजून उणे ६५ च्या आसपास मिळतंय, म्हणजे बहुधा जिन्याच्या वळणावर, तिथे तो हवा. एकच रेडिओ ऐकतो आणि बोलतो, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. स्वतंत्र तिसरा बँड असलेली मेश महाग, पण ही गळती टाळते.

वीज आणि ऊन यांचा विचार आपल्याकडे आधीच करावा लागतो. भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या पुढे जातो आणि बहुतेक घरगुती राउटर ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. गच्चीवरची पत्र्याची खोली किंवा बंद फर्निचरचा खण या जागा नकोत. पत्रा तर लहरी जवळपास पूर्ण परत फेकतो. लाइट गेल्यावर खालचा राउटर मिनी यूपीएसवर चालला तरी वरचा बंद पडतो. त्यावर उत्तम तोड म्हणजे पीओई: त्याच कॅट-६ मधून वीज वर पाठवायची. त्यासाठी पीओईवर चालणारा अ‍ॅक्सेस पॉइंट आणि त्याला जुळणारा इंजेक्टर, म्हणजे केबलमध्ये वीज सोडणारी डबी, हवा. इंजेक्टर खाली ठेवून इन्व्हर्टरच्या लाइनवर लावला की दोन्ही मजले एकाच जागेहून चालतात. अ‍ॅल्युमिनियमच्या केबलमध्ये इथे व्होल्टेज पडतं आणि अ‍ॅक्सेस पॉइंट सतत रीस्टार्ट होतो.

सगळं जोडल्यावर वरच्या खोलीत लॅपटॉपवरून १९२.१६८.१.१ ला पिंग करा, म्हणजे खालच्या राउटरला हाक देऊन उत्तराला किती वेळ लागतो ते बघा. उत्तर ५-१० मिलिसेकंदांत सलग येत असेल तर घरातली वाट चांगली आहे. त्यानंतरही नेट मंद असेल तर फायबर कंपनीला फोन करा. पिंगच १०० च्या वर उड्या मारत असेल तर आधी प्लग, मग चॅनल तपासा.