घरी रोपं करताना: ट्रेपासून वाफ्यापर्यंत

टोमॅटो, मिरची, वांगी, कोबी, फ्लॉवर यांचीच रोपं करा. भेंडी, गवार, मुळा, गाजर थेट जागेवरच टोका. मुळं दुखावलेली त्यांना सोसत नाही.

ट्रेमध्ये, म्हणजे छोटे छोटे कप असलेल्या रोपांच्या थाळीत, परसातली माती नको. निपाणी-चिकोडीकडची काळी माती कपात घट्ट बसते, खानापूरकडच्या तांबड्या मातीवर पापडी धरते, आणि दोन्हींतून रोग येतो तो वेगळाच. कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुश्याची) 650 ग्रॅमची वीट साधारण 4 लिटर पाण्यात फुलवा, पिळा, पुन्हा एकदा धुवा. काही विटांत मीठ राहिलेलं असतं, त्याने मुळं करपतात. दोन भाग कोकोपीटला एक भाग चाळलेलं गांडूळखत पुरे.

एका कपात एकच बी, अर्धा सेंटिमीटर खोल. बी गुलाबी किंवा निळं दिसत असेल तर त्याला औषध लावलेलं आहे: भिजवू नका, मुलांच्या हाती देऊ नका. ट्रे झाकून ठेवा, पण पहिला कोंब दिसला की झाकण त्याच दिवशी काढा, नाहीतर रोपं पांढुरकी आणि लांबट होतात. कोबी 3 ते 5 दिवसांत उगवते, टोमॅटो 5 ते 8, मिरची 8 ते 12. थंडीत मिरची याहून उशीर करते. बी खराब आहे असं समजून ट्रे उकरू नका.

सगळ्यात जास्त रोपं मरतात ती पाण्याने. बुडाशी देठ पाणचट होऊन दोऱ्यासारखा बारीक होतो आणि रोप आडवं पडतं, हाच मररोग. बुरशी सततच्या ओलीत आणि कोंदट हवेत वाढते. पडलेलं रोप वाचत नाही. तो कप आणि शेजारचे कप लगेच काढा. पाणी सकाळी द्या, तेही वरचा थर सुकल्यावर. गांडूळखतात किलोला 5 ते 10 ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) आधीच मिसळा. ते वापरलं की रासायनिक बुरशीनाशक ओतू नका, ट्रायकोडर्माच मरेल. पावसाळ्यात ट्रेवर उतरता प्लास्टिक कागद हवा, बाजू मात्र मोकळ्या.

टोमॅटो, कोबी 25 ते 30 दिवसांत लावणीला येतात, वांगी 30 ते 35, मिरची 35 ते 45. त्याआधी आठवडाभर पाणी कमी करत ऊन वाढवत न्या. हे टाळलं तर रोप पहिल्याच दुपारी करपतं. लावणी संध्याकाळी करा, ट्रे आधी भिजवून. टोमॅटो बीजपानांपर्यंत (उगवताना येणाऱ्या पहिल्या दोन पानांपर्यंत) गाडा, देठाला नवी मुळं फुटतात. मिरची, वांगी ट्रेमध्ये होती तितकीच खोल. अंतर टोमॅटोला 60 बाय 45 सेंटिमीटर, मिरचीला 45 बाय 45. काळ्या जमिनीत सरीच्या बगलेला लावा, पाणी साचत नाही.

दुपारी माना टाकलेली रोपं संध्याकाळी सावरत असतील तर जास्त पाणी घालू नका. सकाळी देठ बुडाशी कापलेला दिसला तर ती अळी आहे. भोवतालची माती उकरून तिला वेचा.

ट्रे घासून, उन्हात वाळवून पुन्हा वापरता येतो. मररोग आलेल्या कपांतलं कोकोपीट-खत कुंडीतही टाकू नका.