न्यूटनचा देव किल्ली देऊन निघून गेला नव्हता

‘न्यूटनने विश्वाचं घड्याळ करून टाकलं, देवाने एकदा किल्ली दिली आणि तो बाजूला झाला.’ हे वाक्य न्यूटनच्या माथी उगाच मारलेलं आहे. त्याचं म्हणणं जवळपास उलटं होतं.

ग्रह आणि धूमकेतू एकमेकांना ओढतात, कक्षांमध्ये बारीकसारीक बिघाड साठत जातो आणि कधीतरी ही घडी नव्याने बसवावी लागेल, असं त्याने ‘ऑप्टिक्स’ या प्रकाशावरच्या पुस्तकात लिहिलं. बसवणारा अर्थात देव. गती आणि गुरुत्वाकर्षणावरच्या त्याच्या ‘प्रिन्सिपिया’ ग्रंथाच्या १७१३च्या दुसऱ्या आवृत्तीत जोडलेल्या टिपणात तर देव सदासर्वकाळ, सगळीकडे हजर असलेला धनी आहे.

गंमत म्हणजे या वादात घड्याळ आलं ते टोमणा म्हणून. १७१५ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ आणि गणिती लायब्निझने ब्रिटनच्या युवराज्ञी कॅरोलाइनला पत्रातून कळवलं, की न्यूटनवाल्यांच्या देवाला आपल्या घड्याळाला अधूनमधून किल्ली द्यावी लागते. असला कसला कारागीर! न्यूटनच्या बाजूने इंग्रज धर्मपंडित सॅम्युएल क्लार्कने उलट सुनावलं: देवाच्या हाताविना चालणारं यंत्र ही कल्पनाच जडवादाची, म्हणजे जड पदार्थापलीकडे काही न मानणाऱ्यांची, ती देवाला जगाबाहेर घालवते.

गुरू-शनी एकमेकांना ओढतात त्यामुळे त्यांच्या चालीत पडणारा फरक मात्र साठत नाही, शेकडो वर्षांनी फिरून जागेवर येतो, हे फ्रेंच गणिती लाप्लासने १७८५च्या सुमारास गणिताने दाखवलं. तोवर न्यूटनला जाऊन जवळजवळ साठ वर्षं झाली होती.