टर्बो डिझेल बंद करण्याआधी पाच मिनिटं चालू ठेवायचं का?

‘गाडी थांबल्यावर इंजिन पाच मिनिटं चालू ठेव, नाहीतर टर्बो जाईल,’ हा सल्ला जळगाव-धुळ्यात नव्या ड्रायव्हरला हमखास मिळतो. कारण खरं आहे, पण सरसकट पाच मिनिटं नकोत.

टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या (इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तापलेल्या धुराच्या) जोरावर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा. त्याचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तोही ऑइलच्या पातळ थरावर. इंजिन बंद झालं की ऑइल पंप थांबतो. टर्बो तापलेला असेल तर आत अडकलेलं ऑइल जळून बेअरिंगवर कार्बन धरतो. पण टर्बो तापतो लोडमुळे, नुसत्या अंतरामुळे नाही. शेवटचे दोन किलोमीटर गावातून सावकाश आलात तर तो वाटेतच निवतो, वर अर्धा मिनिट पुरे. चाळीसगावहून भरलेली पिकअप कन्नडचा घाट चढून लगेच चहाला थांबवलीत, तर मात्र २-३ मिनिटं द्याच. मे महिन्याच्या उन्हाने हे गणित फारसं बदलत नाही. ६००-७०० अंशांच्या एक्झॉस्टपुढे ४५ अंश ते काय!

बंद करताना रेस देण्याची सवय सर्वात वाईट: टर्बो वेगात, ऑइल बंद. आणि उगाच आयडलिंग केलं तर डिझेल जातंच, शिवाय बीएस-६ गाडीचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काजळीने लवकर भरतो.