हृदयाच्या ठोक्यांतील अंतर आणि आकुंचनाचा जोर

हृदयाचा स्नायू एका ठोक्याला किती जोराने आवळला जाईल, हे कप्प्यात किती रक्त भरले आहे एवढ्यावरच ठरत नाही. आधीचे ठोके किती घाईने पडले, यावरही ते अवलंबून असते. ठोके भराभर पडू लागले की निरोगी स्नायूचा जोर वाढतो. एखादा ठोका वेळेआधी पडला, तर तो स्वतः लेचापेचा असतो आणि त्याच्या पाठचा मात्र दणदणीत.

हेन्री बॉडिच या अमेरिकी शास्त्रज्ञाने १८७१ मध्ये लाइपझिग येथे, कार्ल लुडविग यांच्या प्रयोगशाळेत, बेडकाच्या हृदयाच्या टोकावर प्रयोग केले. थोडा वेळ शांत ठेवलेल्या स्नायूला ठरावीक अंतराने विजेचे झटके दिले, तेव्हा आलेखावरची प्रत्येक रेघ आधीच्या रेघेपेक्षा थोडी उंच गेली आणि काही ठोक्यांनंतर उंची स्थिरावली. झटका होता तेवढाच. वाढत होता तो स्नायूचा प्रतिसाद. आलेख जिन्यासारखा दिसला म्हणून त्याला ‘ट्रेपे’, म्हणजे जर्मन भाषेत जिना, हे नाव पडले. काजळी धरलेल्या फिरत्या ड्रमवर हा जिना उमटताना आपल्याकडच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी पाहिला आहे.

या सगळ्याचे मूळ कॅल्शियमच्या जमाखर्चात आहे. प्रत्येक ठोक्याला थोडे कॅल्शियम बाहेरून पेशीत शिरते आणि पेशीतल्या जाळीदार कोठारातून बराच मोठा साठा मोकळा करवते. त्याच कॅल्शियममुळे स्नायूचे तंतू एकमेकांवर सरकतात. काम झाले की काही कॅल्शियम पंपांद्वारे कोठारात परत जाते, काही पेशीबाहेर टाकले जाते. ठोके जलद झाले की मिनिटागणिक आवक वाढते आणि बाहेर टाकायला उसंत कमी मिळते. शिवाय पेशीत सोडियमही साचते, त्यामुळे कॅल्शियमची हकालपट्टी आणखी मंदावते. कोठार भरत जाते, जोर वाढत जातो.

अकाली ठोक्याची गत वेगळी. तो येतो तेव्हा कोठाराची दारे आधीच्या ठोक्यातून पुरती सावरलेली नसतात, म्हणून फारच थोडे कॅल्शियम सुटते. त्यात निलय, म्हणजे रक्त बाहेर ढकलणारा हृदयाचा खालचा कप्पा, नीट भरलेलेही नसते. कधी कधी महाधमनीची, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीची, झडपसुद्धा उघडत नाही: स्टेथोस्कोपमध्ये ठोका ऐकू येतो, मनगटाची नाडी मात्र गप्प. या ठोक्यातही बाहेरून कॅल्शियम आत आलेले असतेच. ते कोठारात जमा होते, मग लांबलेला विराम येतो, दारे सावरतात आणि पुढच्या ठोक्याला भरलेले कोठार रिते होते. ‘काळजाचा ठोका चुकला’ असे आपण म्हणतो. अशा वेळी खरे तर तो चुकलेला नसतो, लवकर येऊन गेलेला असतो. छातीत जाणवते ती बहुधा विरामानंतरची धडक. विरामात रक्त जास्त भरते हा तिचा एक भाग झाला, पण लांबी पक्की बांधून ठेवलेल्या स्नायूच्या पट्टीतही हा वाढीव जोर दिसतो, म्हणजे श्रेय केवळ भरण्याला देता येत नाही.

निकामी होत चाललेल्या हृदयात हा जिना सपाट होतो किंवा उलटा उतरू लागतो: वेग वाढला की जोर कमी. कोठारात कॅल्शियम परत खेचणारा पंप मंदावणे हे त्याचे एक मोठे कारण. उंदरांच्या हृदयातही काही परिस्थितींत उतरता आलेख मिळतो, म्हणून त्यांच्यावरचे निष्कर्ष माणसाला सरसकट लावणे धोक्याचे.

अकाली ठोक्यानंतर जोर वाढण्याच्या गुणधर्माचा रोगनिदानातला नामी उपयोग १९६१ मध्ये ब्रॉकेनब्रो, ब्राउनवाल्ड आणि मॉरो या डॉक्टरांनी दाखवला. महाधमनीची झडप अरुंद असेल, तर अकाली ठोक्यानंतरच्या ठोक्याला महाधमनीतील नाडीदाब, म्हणजे वरच्या आणि खालच्या रक्तदाबातला फरक, वाढतो. पण स्नायू जाड होऊन निलयातून बाहेर पडण्याचा मार्गच अडत असेल, तर वाढलेला जोर ती वाट आणखी आवळतो आणि नाडीदाब वाढायच्या ऐवजी तसाच राहतो किंवा घटतो.

एखाददुसरा अकाली ठोका निरोगी माणसातही पडतो. दिवसाकाठी हृदय साधारण १ लाख वेळा धडकते. त्यांतले १० टक्क्यांहून अधिक ठोके अकाली असतील, तर काहींचा हृदयस्नायू कालांतराने दुबळा होऊ शकतो. १९६० च्या दशकात मुद्दाम जोडीने झटके देऊन, दर ठोक्यामागे एक अकाली ठोका घडवून, दुबळ्या हृदयाचा जोर वाढवण्याचे प्रयत्न झाले. जोर वाढला, पण स्नायूची प्राणवायूची गरजही वाढली आणि लय बिघडण्याची भीती राहिली. हा उपचार रुळला नाही.